सोबतीने जगणारी भाषा

मराठी, कन्नड किंवा गोंडी मूल आईच्या मांडीवर शिकते. कर्णबधिरांची सांकेतिक भाषा, म्हणजे हात, चेहरा आणि शरीर यांच्या हालचालींतून व्यक्त होणारी व स्वतःचे व्याकरण असलेली भाषा, मात्र बहुतेकांना सवंगड्यांकडून मिळते, कारण कर्णबधिर मुलांपैकी 90 टक्क्यांहून अधिक मुले ऐकणाऱ्या आईवडिलांच्या पोटी जन्मतात. पुणे-नगर रस्त्यावरील शिक्रापूरसारख्या गावात असे मूल एकटेच असले, तर घरच्यांशी ठरलेल्या मोजक्या खुणांवर त्याचे खाणेपिणे भागते. 'का' आणि 'कदाचित' यांना त्या पुरत नाहीत.

ही सोबत दिली ती शाळेने, तीही नकळत. कर्णबधिरांना शिकवणाऱ्या शिक्षकांच्या 1880च्या मिलान परिषदेने ओठवाचन व उच्चार यांवर भर देणारी मौखिक पद्धती श्रेष्ठ ठरवल्यावर जगभरच्या वर्गांतून खुणांना मज्जाव होऊ लागला. पण त्याच दशकात मुंबईतही कर्णबधिरांची शाळा निघाली, आणि अशा शाळांच्या मधल्या सुटीत व वसतिगृहांत, गुरुजींची पाठ वळताच, मुलांनी ही भाषा एकमेकांच्या हाती सोपवली.

शाळा सुटल्यावर मुंबईकर कर्णबधिरांना आणखी एक ठिकाण सापडले, ते म्हणजे लोकलचा अपंगांसाठी राखीव डबा. स्वतः कर्णबधिर असलेल्या बेल्जियन मानवशास्त्रज्ञ ॲनेलीस कुस्टर्स यांनी या डब्याचा अभ्यास केला आहे. तिथे घरच्या गोष्टी, नोकरीच्या खबरा आणि थट्टामस्करी चालते, इतकी की गप्पांसाठी ठरलेली गाडी गाठली जाते. गावच्या पारासारखाच हा पार, फक्त चाकांवरचा.

'मूकबधिर' हा शब्द अजूनही कित्येक शाळांच्या पाट्यांवर आहे, पण भाषा असलेल्या माणसाला मूक म्हणणे चुकीचेच. इंग्रजीत बधिरत्वाची वैद्यकीय अवस्था आणि समाज म्हणून असलेली ओळख यांतील फरक पहिले अक्षर मोठे लिहून दाखवतात. देवनागरीत ती सोय नाही, त्यामुळे तो शब्दनिवडीतूनच दाखवावा लागतो. भारतीय सांकेतिक भाषा ही हातांनी केलेली मराठी किंवा हिंदीही नव्हे: तिच्यात प्रश्नवाचक खूण सहसा वाक्याच्या शेवटी येते, म्हणजे 'तू कुठे राहतोस' हे 'तू राहणे कुठे' असे होते, आणि 'हो-नाही'चा प्रश्न भुवया उंचावून विचारला जातो.

दिल्लीत 2015 साली या भाषेचे संशोधन व प्रशिक्षण केंद्र स्थापन झाले आणि 2021पर्यंत तिच्या शब्दकोशात 10,000 नोंदी झाल्या. 2011च्या जनगणनेत महाराष्ट्रात सुमारे पावणेपाच लाख लोकांची श्रवणदोष असलेले म्हणून नोंद आहे. राज्यघटनेच्या आठव्या अनुसूचीतील 22 भाषांत मात्र सांकेतिक भाषा नाही.