भित्तिपत्रक : लोकमताची दृश्य भाषा

लोकशाहीत मत मांडण्याची साधने अनेक आहेत. वृत्तपत्र वाचणाऱ्यापर्यंत पोहोचते, सभा उपस्थितांपुरती असते. भित्तिपत्रक मात्र वाटेने जाणाऱ्या प्रत्येकाला भेटते. आठवडी बाजाराला निघालेला शेतकरी, एस.टी.ची वाट पाहणारी विद्यार्थिनी, विरुद्ध मताचा गृहस्थ हे सारेच त्याचे वाचक होत. म्हणूनच भित्तिपत्रक कसे असावे, हा केवळ सजावटीचा प्रश्न नाही. त्यावर काय मांडले जाते, यावर गावातील राजकीय चर्चेचा कस अवलंबून असतो. धाराशिव जिल्ह्याची गेल्या शतकातील वाटचाल या दृष्टीने उद्बोधक आहे.

हक्क मिळाला, तो असा

आजचा धाराशिव, म्हणजे पूर्वीचा उस्मानाबाद जिल्हा, १७ सप्टेंबर १९४८ पर्यंत निजामाच्या हैदराबाद संस्थानात होता. येथील बहुसंख्य जनता मराठी बोलणारी. राज्यकारभाराची भाषा मात्र उर्दू होती. १९२९ च्या ‘गश्ती निशाण ५३’ या फर्मानाने जाहीर सभेसाठी पूर्वपरवानगी आवश्यक ठरविली. १९३८ मध्ये हैदराबाद स्टेट काँग्रेसवर तर तिची रीतसर स्थापना होण्यापूर्वीच बंदी आली. याच जिल्ह्यातील हिप्परगा येथील राष्ट्रीय शाळेत अध्यापन केलेले स्वामी रामानंद तीर्थ यांनी पुढे मुक्तिसंग्रामाचे नेतृत्व केले. चार माणसांनी एकत्र येऊन बोलण्यासही जेथे परवाना लागे, तेथे आपले मत भिंतीवर उघडपणे लावणे हा नागरिकाचा हक्क मानला जाणे शक्यच नव्हते. २६ जानेवारी १९५० रोजी अमलात आलेल्या राज्यघटनेच्या एकोणिसाव्या अनुच्छेदाने अभिव्यक्तिस्वातंत्र्य दिले आणि भित्तिपत्रकालाही त्याचा आधार मिळाला.

चित्र हेच अक्षर

त्यानंतरच्या पहिल्या सार्वत्रिक निवडणुकीपुढे, १९५१-५२ मध्ये, वेगळीच अडचण उभी राहिली. १९५१ च्या जनगणनेनुसार देशातील साक्षरता सुमारे १८ टक्के होती. नाव वाचता न येणाऱ्या मतदाराने उमेदवार ओळखावा कसा? निवडणूक आयोगाने त्यावर चित्राचा मार्ग काढला. प्रत्येक उमेदवारासाठी स्वतंत्र मतपेटी ठेवून तिच्यावर त्याचे चिन्ह लावण्यात आले. बैलजोडी, झोपडी, वटवृक्ष, दिवा, हत्ती अशी ही चिन्हे घरादारात आणि शेतशिवारात नित्य दिसणारी होती. मतदाराने कोरी मतपत्रिका हव्या त्या पेटीत टाकावयाची. एकाच मतपत्रिकेवर खूण करण्याची पद्धत १९६२ च्या सार्वत्रिक निवडणुकीत सर्वत्र रूढ झाली.

अशा निवडणुकीत भित्तिपत्रकाचे पहिले काम चिन्ह ओळखीचे करून देण्याचे होते. चिन्ह बदलले, की हे काम नव्याने करावे लागे. १९६९ मध्ये काँग्रेस दुभंगल्यानंतर इंदिरा गांधी यांच्या पक्षाने १९७१ ची निवडणूक ‘गाय-वासरू’ या चिन्हावर लढविली, तर १९७८ मध्ये ‘हाताचा पंजा’ आला. १९७७ मध्ये जनता पक्षाचे उमेदवार ‘नांगरधारी शेतकरी’ घेऊन मतदारांपुढे गेले. ही नवी चित्रे मतदारांच्या मनावर अल्पावधीत ठसविण्यात रंगविलेल्या भिंती आणि छापील पत्रके यांचा वाटा मोठा होता.

चित्रातून राजकीय आशय पोहोचविण्याचे असेच प्रयोग अन्यत्रही झाले आहेत. रशियात १९१९ ते १९२१ या काळात कवी मायकोव्हस्की व त्यांचे सहकारी रिकाम्या दुकानांच्या खिडक्यांत हाताने तयार केलेली भित्तिपत्रके लावीत. जाड कागदात आकार कापून त्यावरून रंग फिरविण्याच्या साध्या पद्धतीने त्यांच्या प्रती निघत. साधने तुटपुंजी असली, तरी आशय नेमका असेल तर भित्तिपत्रक प्रभावी होते, हे त्यावरून दिसून येते.

ठशांपासून फ्लेक्सपर्यंत

खिळ्यांच्या छपाईच्या काळात मोठी अक्षरे लाकडी ठशांतून उमटत. प्रत्येक रंगासाठी कागद यंत्रातून पुन्हा काढावा लागे आणि प्रत्येक छायाचित्रासाठी वेगळा ब्लॉक करून घ्यावा लागे. त्यामुळे एक-दोन रंग, मोजके शब्द आणि विचारपूर्वक निवडलेले एखादेच चित्र, ही शिस्त खर्चामुळेच पाळली जाई. संगणकीय फ्लेक्स छपाईत एक छायाचित्र घातले काय किंवा वीस घातली काय, खर्च सारखाच. ही सोय झाली आणि फलकावर चेहऱ्यांची दाटी झाली. शुभेच्छुकांच्या नावांना जागा मिळाली. मतदारापुढचा प्रश्न मात्र मागे पडला.

यात नुकसान नागरिकांचे आहे. पाणी, पीकविमा, रस्ते यांविषयी भूमिका काय, हे फलकावरून कळत नसेल, तर त्याविषयी जाब तरी कशाच्या आधारे विचारावा? महाराष्ट्रात पंचायत राज संस्थांत महिलांना ५० टक्के आरक्षण २०११ मध्ये मिळाले. महिला उमेदवाराच्या फलकावर तिच्याहून पतीचेच छायाचित्र मोठे असेल, तर त्या आरक्षणाचा हेतू भिंतीवरच दुबळा होतो.

चांगल्या भित्तिपत्रकाची लक्षणे

उत्तम भित्तिपत्रक एकाच वेळी एकच गोष्ट सांगते. ‘आमच्या गावचे पाणी कोठे अडते?’ हा एक प्रश्न, कोरड्या हातपंपाचे चित्र आणि ग्रामसभेची तारीख एवढा मजकूर पुरेसा आहे. दहा फुटांवरून सहज वाचता यावे, यासाठी अक्षराची उंची सुमारे एक इंच असावी, असा स्थूल नियम आहे. रस्त्यापलीकडून वाचावयाचे असल्यास ती त्याच प्रमाणात वाढवावी. देवनागरीत मात्रा व वेलांटी शिरोरेषेच्या वर, तर उकार खाली येतात. ओळी फार जवळ घेतल्यास ते एकमेकांत अडकून वाचन कठीण होते. पिवळ्यावर काळे अक्षर दुरून ठळक दिसते. पांढऱ्यावरचे पिवळे अक्षर उन्हात हरवते. मोकळी सोडलेली जागा वाया जात नाही. तिच्यामुळेच मजकुराकडे लक्ष जाते.

कायद्याची चौकट

मताचे स्वातंत्र्य आहे, तशी त्याची जबाबदारीही आहे. लोकप्रतिनिधित्व अधिनियम, १९५१ च्या कलम १२७-क नुसार निवडणुकीच्या पत्रकावर मुद्रक व प्रकाशक यांची नावे आणि पत्ते छापणे बंधनकारक आहे. प्रकाशकाने आपल्या ओळखीचे प्रतिज्ञापन दोन प्रतींत मुद्रकाला द्यावयाचे असते. ते त्याला व्यक्तिशः ओळखणाऱ्या दोघांनी साक्षांकित केलेले असावे लागते. मुद्रकाने त्याची एक प्रत छापलेल्या पत्रकासह, जिल्ह्याच्या ठिकाणी, जिल्हादंडाधिकाऱ्यांकडे पाठवावयाची असते. या तरतुदींचा भंग केल्यास सहा महिन्यांपर्यंत कारावास, दोन हजार रुपयांपर्यंत दंड किंवा दोन्ही शिक्षा होऊ शकतात. केवळ सभेची तारीख, वेळ व स्थळ कळविणाऱ्या पत्रकास मात्र हे कलम लागू नाही. निनावी बदनामीला आळा बसावा आणि छापलेल्या शब्दामागे कोणीतरी उभे असावे, हा या तरतुदीचा आशय आहे. सार्वजनिक दृष्टीस पडणाऱ्या जागा विद्रूप करण्यास महाराष्ट्र मालमत्ता विद्रूपण प्रतिबंध अधिनियम, १९९५ नेही मनाई केली आहे.

२०११ च्या जनगणनेनुसार जिल्ह्यातील साक्षरता सुमारे ७८ टक्क्यांवर पोहोचली आहे. चिन्ह पाहून मत देणाऱ्या पिढीची नातवंडे आज मजकूर वाचू शकतात. त्यांच्यासाठी भिंतीवर वाचण्याजोगे काही असावे, ही अपेक्षा रास्तच म्हटली पाहिजे. शाळा-महाविद्यालयांतील चित्रकलेच्या वर्गांनी, युवक मंडळांनी आणि ग्रामपंचायतींनी मनावर घेतले, तर ग्रामसभेचे एखादे नेटके भित्तिपत्रक करणे कोणत्याही गावाच्या आवाक्यातील काम आहे.