मुखड्यावर परत येण्याच्या खुणा

धुळ्याच्या समर्थ वाग्देवता मंदिरात नानासाहेब देवांनी जन्मभर जमवलेली समर्थ संप्रदायाची बाडं आहेत. जुन्या बाडांतलं पद कसं लिहिलेलं असतं? वर कधी रागाचं नाव, पहिल्या ओळीपाशी ॥ध्रु॥ आणि खाली कडवी. कडवं संपलं की ध्रुपदावर यायचं, हे वेगळं लिहीत नसत. ते किती वेळा घोळवायचं, हे तर मुळीच नाही. खानदेशातल्या कुठल्याही भजनी मंडळाची वही उघडा, आजही तोच कारभार दिसेल.

विसाव्या शतकाच्या सुरुवातीला भातखंडे आणि पलुस्कर या दोघांनी आपापल्या स्वरलिपी रूढ केल्या, तेव्हा सूर कागदावर आले. भातखंड्यांच्या क्रमिक पुस्तक मालिकेत मात्रांचे खण आहेत, समेला फुली आहे, खालीला शून्य आहे, कोमल स्वराखाली आडवी रेघ आहे. पण अंतरा संपल्यावर स्थायीत कुठून शिरायचं, याची खूण नाही. ते गुरूने सांगायचं. गांधर्व महाविद्यालय मंडळाच्या परीक्षांमुळे स्वरलिपी जळगाव-धुळ्याच्या गायनवर्गांत पोचली आणि लेखी परीक्षेसाठी बंदिशी पाठ करून लिहिल्या जाऊ लागल्या. स्थायी एकदा, अंतरा एकदा, संपलं. मार्क पूर्ण!

रंगभूमीवर तर मोजदाद प्रेक्षकांच्या हातात होती. बालगंधर्वांनी लहानपणी जळगावात मेहबूबखाँ यांच्याकडे गाण्याचे धडे घेतले, आणि जळगावच्या खुल्या नाट्यगृहाला त्यांचंच नाव आहे. त्यांच्या पदांना वन्समोर मिळायचे. अख्खं पद परत, तेही दर वेळी वेगळं. त्यावर पहिला लगाम घातला तो ध्वनिमुद्रिकेने. एका बाजूला साधारण साडेतीन मिनिटं, त्यात जेवढं बसेल तेवढंच ध्रुपद. यंत्राने आधी गणती मागितली ती इथे. संगणक त्याच्या कितीतरी नंतर आला.

नोटेशनचं सॉफ्टवेअर मुळात पाश्चात्त्य स्टाफवर उभं आहे. फिनाले १९८८चं, सिबेलियस १९९३चं. दोन्ही विकत घ्यायची, आणि जिल्ह्याच्या गावातल्या क्लासला ती परवडणारी नव्हती. मोफत म्यूझस्कोअरची पहिली पक्की आवृत्ती २०११ साली आली आणि कीबोर्ड शिकवणाऱ्यांची सोय झाली. त्यातल्या रिपीटच्या दुहेरी रेघा, सेन्यो, कोडा, डी.सी. (सुरुवातीवर परत), डी.एस. (सेन्योच्या खुणेवर परत) हे सगळे युरोपातल्या नकलनवीसांचा कागद आणि शाई वाचवणारे जुने उपाय.

अहिराणी लग्नगीत त्यात घालून बघा. केरव्यात आठ मापांचा मुखडा, एकाच चालीचे तीन अंतरे, दर अंतऱ्यानंतर मुखडा. पहिला विचार येतो तो मुखड्यावर सेन्यो आणि अंतऱ्याच्या शेवटी डी.एस. टाकण्याचा. वाजवलं की मुखडा परत येतो, अंतरा दुसऱ्यांदा होतो आणि गाणं पुढे निघून जातं, कारण ती उडी एकदाच घेतली जाते. मग मुखडा आणि अंतरा मिळून रिपीटच्या रेघांत घालायचा, शेवटच्या रेघेच्या मापाला ‘तीन वेळा’ असं सांगायचं आणि समारोपाचा मुखडा पुढे वेगळा लिहायचा. अंतऱ्याची शेवटची ओळ तिसऱ्या खेपेला वेगळी पडत असेल, तर कंसाखाली ‘१, २’ आणि ‘३’ अशी घरं करायची. आणखी एक खोडी: डी.एस.वरून मागे गेल्यावर मधले रिपीट परत वाजत नाहीत. तशी मुभा उडीच्या गुणधर्मांत जाऊन द्यावी लागते. पाश्चात्त्य शिरस्ता तसाच आहे, त्यामुळे सॉफ्टवेअरला दोष देता येत नाही.

खरी अडचण बंदिशीला येते. त्रितालाचे सोळा मात्रांचे चार विभाग चार-चार मात्रांच्या मापांत सहज बसतात. नवव्या मात्रेवरून उठणारा मुखडाही नीट मापाच्या तोंडावर येतो. पण उठाव सातव्या किंवा बाराव्या मात्रेवर असला, तर परतीची जागा मापाच्या मध्येच पडते आणि रिपीटची रेघ तिथे लागत नाही. मग ते माप तोडून दोन तुकडे करायचे आणि एक तुकडा मापांच्या मोजणीतून वगळायचा, म्हणजे क्रमांक बिघडत नाहीत. हे जमतं, दिसायलाही ठीक दिसतं. पण माझ्या मते शिकणाऱ्यासाठी असली कसरत करूच नये. परतीचा मुखडा पुन्हा लिहून काढावा. मोबाइलच्या पडद्यावर कागद कुणाचा वाचवायचाय?

वरातीच्या बँडला यातलं काही चालत नाही. गाडीवर कीबोर्ड, पुढे ताशा आणि ड्रम. मुखडा नवरदेवाचे मित्र नाचायचे थांबेपर्यंत, नाहीतर पुढचा चौक येईपर्यंत. पुढच्या ओळीवर जायचं ते मास्तरने हात वर केला की. या खेपा आकड्यात सांगता येत नाहीत आणि सॉफ्टवेअरला आकडाच लागतो. त्यामुळे बँडसाठी लिहिताना मी मुखड्याला रिपीटच्या रेघा घालतो, खेपांचा आकडा तसाच सोडतो आणि वर अक्षरांत ‘मास्तर सांगेल तोवर’ असं लिहितो. संगणक तो मुखडा दोनदाच वाजवतो.

ऑगस्ट २०२४मध्ये फिनाले थांबवत असल्याची घोषणा झाली. ज्यांच्या फाइली त्यात आहेत त्यांनी त्या म्यूझिक एक्सएमएलमध्ये काढून घ्याव्यात आणि नव्या जागी एकदा वाजवून पाहाव्यात. स्वर बहुधा बरोबर येतील. उड्या मात्र एकेक करून तपासाव्या लागतील, कारण डी.एस. ही अक्षरं नीट आली तरी उडीची सूचना त्यामागे शाबूत असेलच असं नाही.