घाबरलेल्या मुक्या जीवाला मार नको, माया हवी

दिवाळीचा पहिला फटाका वाजला की आमचा काळू पलंगाखाली शिरायचा. अंग थरथर कापायचे, शेपूट पायात जायचे, तोंडाने धापा लागायच्या. पहिल्या वर्षी आमच्याकडून चूक झाली. बाहेर काढायचे म्हणून आम्ही त्याला मानेला धरून ओढले आणि त्याने आमच्या हाताला दात लावले. शेजारी म्हणाले, "माजलाय! दोन काठ्या घाला." आम्हालाही क्षणभर ते पटले.

जखम साबणाने, वाहत्या पाण्याखाली पंधरा मिनिटे धुतली आणि लगेच दवाखान्यात जाऊन रेबीजची लस घेतली. पुढे जनावरांच्या डॉक्टरांना विचारले, तेव्हा उलगडा झाला. काळू माजला नव्हता, भ्याला होता. पळायला वाट उरली नाही, की भ्यालेला जीव चावतो. मारले तर 'आवाज आला की मारही बसतो' एवढेच तो शिकतो आणि भीती दुप्पट होते. शिवाय त्याचा कान आपल्याहून फार तीक्ष्ण. आपल्याला जो नुसता आवाज, तो त्याला घाव वाटतो.

"लाड केले तर कुत्रे आणखी भित्रे होते," असे पुष्कळजण म्हणतात. ते खरे नाही. भीती ही खोडी नव्हे, ती मुद्दाम कोणी करीत नाही. 1924 साली अमेरिकेत मेरी कव्हर जोन्स या विदुषींनी एका लहान मुलाचा अनुभव प्रसिद्ध केला. तो सशाला भीत असे. तो आवडीचे खात बसला, की ससा दूर ठेवायचा आणि हळूहळू जवळ आणायचा. शेवटी मुलाने सशाला प्रेमाने कुरवाळले. कुत्र्याची भीतीही याच वाटेने कमी होते.

आम्ही दिवाळीच्या दोन महिने आधी सुरुवात केली. मोबाईलवर फटाक्याचा आवाज अगदी बारीक लावायचा आणि लगेच उकडलेल्या अंड्याचा छोटा तुकडा द्यायचा. आधी आवाज, मग खाऊ, हा क्रम मोडायचा नाही. रोज पाच मिनिटे पुरतात. कुत्रे कान पाडू लागले, खाऊ नाकारू लागले, की आवाज वाढवण्याची घाई झाली असे समजावे आणि पुन्हा कमी करावा. कांदा, मनुका, चॉकलेट मात्र कधीही देऊ नये. ते कुत्र्याला बाधते.

सणाच्या दिवशी अंधार पडण्याआधीच त्याला फिरवून आणावे. दार-खिडक्या लावाव्यात, रेडिओ चालू ठेवावा. कोपऱ्यात लपला तर लपू द्यावे, ओढू नये. जवळ बसावे, तो अंगाला बिलगला तर पाठीवरून हात फिरवावा. फारच घाबरत असेल तर जनावरांच्या डॉक्टरांकडून औषध घ्यावे. माणसांच्या गोळ्या देऊ नयेत.

काळू अजूनही पलंगाखाली जातो. पण आता आमच्या हातून अंडे खातो आणि फटाके थांबले की आपणहून बाहेर येतो. आमच्या मुलांनी हे सारे पाहिले. परवा गल्लीतल्या एका कुत्र्याच्या शेपटीला कोणी फटाक्याची माळ बांधू लागला, तेव्हा धावत जाऊन ती सोडवणारी आमची धाकटीच होती.