एका पिवळ्या प्रश्नचिन्हाची हकिकत

मराठवाड्यातील कोणत्याही जिल्ह्याच्या गावी लग्नपत्रिका, पावतीपुस्तके, शुभेच्छांचे फलक आणि निधनवार्तांची पत्रके जुळवून देणाऱ्या दुकानांत गेले असता, नव्या चकचकीत संगणकाच्या शेजारी, रंगाने पिवळट पडलेला आणि पंख्याचा घरघराट करीत चालणारा एखादा वृद्ध संगणक हमखास दृष्टीस पडतो, आणि नवख्या माणसास वाटते की मालकाच्या कृपणपणामुळेच तो अद्याप चाकरीत राहिला असावा. वस्तुस्थिती निराळी आहे. वीस-बावीस वर्षांपूर्वी त्या काळच्या मानाने जबर रक्कम मोजून घेतलेली ‘श्रीलिपि’सारखी मराठी जुळणीची प्रणाली त्या यंत्राच्या पाठीमागच्या पंचवीस पिनांच्या समांतर खाचेत बसविलेल्या एका कुलपावाचून, ज्याला धंद्यातील लोक डोंगल म्हणतात त्यावाचून, उघडतच नाही, आणि आजच्या संगणकांना ती खाच बहुधा नसतेच. पाने जुळविण्याच्या पेजमेकर या प्रोग्रामची अखेरची, म्हणजे सातवी आवृत्ती २००१ साली निघाली, आणि तीत जुळविलेला सारा मराठी मजकूर युनिकोडपूर्व टंकांत असल्यामुळे, ते टंक नसलेल्या यंत्रावर तो उघडला तर ‘श्री गणेश प्रसन्न’च्या जागी रोमन अक्षरे आणि विरामचिन्हे यांचा अर्थशून्य ढिगारा तेवढा दिसतो. परभणीसारख्या गावात, जेथे निजामी अमदानीपासून मराठीच्या जोडीला उर्दूही नांदत आली आहे, अशा दुकानात एकाच टेबलावर मराठी पत्रिका पेजमेकरमध्ये आणि निकाहाची दावत १९९४ साली निघालेल्या ‘इनपेज’मध्ये जुळत असते. म्हणून ते यंत्र टिकते.

स्टेशन रस्त्यापासून फार दूर नसलेल्या अशाच एका दुकानाचा मी जुना गिऱ्हाईक आहे. तेथील वृद्ध यंत्राची मुख्य हार्डडिस्क उन्हाळ्याच्या ऐन तापात, लग्नसराईची घाई चालू असताना, टकटक असा आवाज करीत निकामी झाली. सुदैवाने मजकुराचा संग्रह दुसऱ्या डिस्कवर शाबूत होता. तेव्हा जुन्या बाजारातून एक डिस्क पैदा करून तीवर विंडोज एक्सपी नव्याने ‘मारण्यात’ आली, कुलूप ओळखले गेले, पेजमेकर उघडला, आणि सारे स्थिरस्थावर झाले असे वाटत असतानाच असे ध्यानात आले की शेजारच्या विंडोज दहाच्या संगणकाशी, ज्याला रंगीत छपाईचा प्रिंटर जोडलेला आहे, या यंत्राचा संबंध तुटला आहे. वायर तीच, स्विच तोच, भिंतीतील खाचही तीच. परंतु एक्सपीच्या लेखी त्या यंत्रात नेटवर्कचे कार्डच नव्हते.

“मामा, लॅनचा ड्रायव्हर टाकाय लागतो. बोर्डाची सीडी हाय का?” दुरुस्तीसाठी बोलाविलेल्या तरुणाने विचारले.

“सीडी कुठली बाबा आता! बोर्ड घेऊन पंधरा वर्सं झाली असतील,” मालक म्हणाले. “पेनड्राइव्हनंच नेऊ-आणू का मग?”

तरुणाने मान हलविली. दिवसभरात दहा गिऱ्हाइकांचे पेनड्राइव्ह ज्या दुकानात लागतात तेथे, विषाणुप्रतिबंधाची अद्ययावत तजवीज नसलेल्या एक्सपीला प्रत्येक खेपेस नवा पेनड्राइव्ह लावणे म्हणजे रोगाला आवतण देणेच होय, हे तो अनुभवाने जाणत होता. “बनी तो बनी, नहीं तो परभणी,” असे आमच्या गावाचे ब्रीद पुटपुटत तो खुर्चीवर बसला, आणि त्याने ‘माय कॉम्प्युटर’वर उजवी कळ दाबून डिव्हाइस मॅनेजर उघडला.

त्या यादीत ‘अदर डिव्हायसेस’ या मथळ्याखाली एक पिवळे प्रश्नचिन्ह होते, आणि त्यापुढे ‘इथरनेट कंट्रोलर’ एवढेच मोघम नाव. तपशील उघडताच अठ्ठावीस हा सांकेतिक क्रमांक दिसला, ज्याचा अर्थ या उपकरणाचे ड्रायव्हर, म्हणजे त्याला प्रणालीशी जोडून देणारे प्रोग्राम, बसविलेले नाहीत एवढाच. यावरून एक मोलाची गोष्ट निष्पन्न होत होती, आणि उतावळा कारागीर नेमका तीच विसरतो: उपकरण जिवंत होते. कार्ड जळलेले असते तर तेथे प्रश्नचिन्हही उमटले नसते. नवा तलाठी सज्जावर येऊन ओट्यावर बसला आहे, कोतवालाने त्याला पाहिलेही आहे, परंतु त्याचा नेमणुकीचा हुकूम तहसिलीतून आलेला नसल्यामुळे त्याला रुजू करून घेता येत नाही आणि दप्तराच्या किल्ल्याही देता येत नाहीत, अशातला तो प्रकार होता.

हुकूम कोणाच्या नावाचा आणावयाचा, हा पुढला प्रश्न. तरुणाने कॅबिनेट उघडण्याची तसदी घेतली नाही. गुणधर्मांच्या खिडकीतील ‘डिटेल्स’ या पानावर जाऊन त्याने हार्डवेअर आयडी काढला, आणि मोडीतल्या पत्राच्या मायन्यासारखी दिसणारी ती ओळ एका जुन्या पावतीच्या पाठीवर उतरून घेतली: पीसीआय, पुढे व्हेंडर १०ईसी, पुढे डिव्हाइस ८१६८, आणि त्यामागून उपप्रणालीचा व आवृत्तीचा आकडा. पीसीआय पद्धतीच्या प्रत्येक उपकरणाच्या पोटात, यंत्र सुरू होताच वाचता यावी अशी, एक लहानशी नोंद कोरलेली असते, आणि तिच्या पहिल्या चार बाइटांत निर्मात्याचा व वस्तूचा क्रमांक असतो. निर्मात्यांचे क्रमांक एक मध्यवर्ती संस्था वाटून देते. १०ईसी हा तैवानच्या रिअलटेक या कंपनीचा, जिच्या चिपांवर खेकड्याचे चित्र छापलेले असते. आणि इंटेलने तर आपल्या १९७८ सालच्या कीर्तिमान प्रोसेसरच्या स्मरणार्थ ८०८६ हाच क्रमांक धारण केला आहे. ज्या व्यवसायावर शुष्कतेचा आरोप होतो, त्यातही माणसे अशी हौस भागवून घेतात, हे पाहून मला बरे वाटले.

८१६८ म्हणजे सेकंदाला एक गिगाबिटपर्यंत वेग देणारी, बोर्डातच जडविलेली चिप. एक्सपी २००१ च्या ऑक्टोबरात बाजारात आली, आणि ही चिप तिच्यानंतर काही वर्षांनी. आपल्यामागून जन्मलेल्याची ओळख कोणाला असावी कशी? याच कंपनीचे ८१३९ हे जुने कार्ड असते, तर एक्सपीने ते आपण होऊन ओळखले असते, कारण त्याचा ड्रायव्हर तिच्या पोटातच होता. म्हणजे येथे जुनेपण यंत्राला नडले नव्हते. यंत्र आपल्या प्रणालीपेक्षा तरुण होते, आणि त्या वयाच्या अंतरात सारी अडचण सामावलेली होती.

या कामातील खरी विसंगती आता पुढे येते: नेटवर्कचा ड्रायव्हर नेटवर्कवरून आणावयाचा, आणि तो आल्यावाचून नेटवर्क मिळावयाचे नाही. छपाईचा, आवाजाचा किंवा चित्राचा ड्रायव्हर हरवला तर यंत्र स्वतः जाऊन तो घेऊन येऊ शकते; हा एकच असा की दुसऱ्या यंत्राच्या खांद्यावर बसूनच यावा लागतो. तरुण विंडोज दहाच्या संगणकाकडे वळला, आणि त्याने तो क्रमांक शोधावयास टाकताच मोठाल्या हिरव्या बटणांनी नटलेली, जगातील यच्चयावत ड्रायव्हर एका टिचकीसरशी पुरविण्याचे आश्वासन देणारी संकेतस्थळे रांगेने उभी राहिली. त्यांतील बहुतेकांचा मनसुबा ड्रायव्हर देण्याचा नसून आपला जाहिरातबाज प्रोग्राम गळी उतरविण्याचा असतो, ही गोष्ट त्याला पुरती ठाऊक होती. म्हणून त्यांपैकी एकाकडेही ढुंकून न पाहता त्याने चिप बनविणाऱ्या कंपनीचेच पान गाठले. तेथून आणलेली झिप फाइल उलगडल्यावर ती पेनड्राइव्हवर घालताना आणखी एक बारकावा निघाला. नवे मोठ्या क्षमतेचे पेनड्राइव्ह ज्या एक्सफॅट पद्धतीने आखलेले असतात, ती पद्धत मूळच्या एक्सपीला वाचता येत नाही. तेव्हा खिशातला चौसष्ट जीबीचा पेनड्राइव्ह बाजूला ठेवून ड्रॉवरच्या तळाशी पडलेला, फॅट३२ मध्ये आखलेला, चार जीबीचा एक जुना पेनड्राइव्ह शोधून काढण्यात आला, रिकामा करण्यात आला, आणि मगच कामी लागला.

त्या फोल्डरात तीन फाइली महत्त्वाच्या होत्या, आणि मला त्यांच्यात जितका रस वाटला तितका या साऱ्या प्रकरणात दुसऱ्या कशातही वाटला नाही. ‘सिस’ ही प्रत्यक्ष काम करणारी, यंत्रभाषेतली. ‘कॅट’ ही सहीशिक्क्याची. आणि ‘आयएनएफ’ ही साध्या मजकुराची, नोटपॅडमध्ये कोणासही उघडून वाचता येईल अशी. बसविण्याची घाई न करता तरुणाने ती आधी उघडली. चौकोनी कंसांतील मथळ्यांखाली तिचे विभाग पाडलेले होते: आरंभी आवृत्ती, तारीख आणि वर्ग, त्याखाली निर्मात्याचे नाव, आणि त्यानंतर, फेरफाराच्या नोंदवहीत गटवार नोंदी असाव्यात तशा, एकाखाली एक ओळी, ज्यांत प्रत्येकीच्या डाव्या अंगाला उपकरणाचे नाव, उजवीकडे कोणता विभाग लागू करावयाचा त्याचा निर्देश, आणि अखेरीस तोच पीसीआयचा क्रमांक. अर्धविरामाने सुरू होणाऱ्या ओळी म्हणजे लिहिणाऱ्याने मागून येणाऱ्यासाठी ठेवलेले शेरे. यंत्र त्या वाचीत नाही. त्याने शोधाच्या चौकटीत ८१६८ लिहिले, एंटर दाबले, आणि पावतीच्या पाठीवरील क्रमांकाशी ती ओळ अक्षरशः ताडून पाहिली. विंडोजही अंतर्यामी हेच करते: उपकरणाने सांगितलेला क्रमांक आणि आयएनएफमधील क्रमांक यांचा मेळ लावते, आणि जितका मेळ अधिक बारकाईचा, म्हणजे उपप्रणाली व आवृत्ती यांच्यासह, तितका तो ड्रायव्हर पसंत करते. “ही ओळ यात नसल तर शंभर डाव नेक्स्ट दाबून बी उपेग नाही,” तो म्हणाला. आणि हे एक वाक्य ज्याला उमगले तो या कामात सहसा फसावयाचा नाही.

पुढचे काम तुलनेने क्षुल्लक होते. प्रश्नचिन्हावर उजवी कळ, अद्ययावत करण्याचा हुकूम, इंटरनेटवर शोधण्यास नकार, ‘मी स्वतः निवडतो’ हा पर्याय, आणि ‘हॅव डिस्क’ या बटणातून पेनड्राइव्हवरील एक्सपीचा फोल्डर. फाइली आपापल्या स्थानी रवाना झाल्या: सिस फाइल सिस्टम३२ मधील ड्रायव्हर्सच्या फोल्डरात, आयएनएफची एक प्रत नाव बदलून विंडोजच्या संग्रहात, आणि सेवेची नोंद रजिस्ट्रीत. पिवळे प्रश्नचिन्ह मावळले, ‘नेटवर्क अडॅप्टर्स’ हा मथळा नव्याने प्रकट झाला, आणि त्याखाली चिप आपल्या पूर्ण नावानिशी दाखल झाली.

वायर लावताच मागच्या खाचेतील हिरवा दिवा लागला आणि पिवळा लुकलुकू लागला. तरीही काम संपले नव्हते. पत्ता वाटणारा राऊटर त्या स्विचवर नसल्यामुळे यंत्राने थोडा वेळ वाट पाहून १६९.२५४ ने सुरू होणारा एक पत्ता आपल्याच मनाने धारण केला, आणि तो आकडा दिसला की ‘मला कोणी पत्ता दिला नाही’ असे यंत्र सांगत आहे हे समजावे. तरुणाने हाताने पत्ता भरला, शेजारच्या यंत्राच्या मालिकेतलाच परंतु शेवटचा आकडा निराळा. मग काळ्या खिडकीत पिंग हा शब्द लिहून शेजाऱ्याला हाक मारली. पाणबुड्या शोधण्यासाठी पाण्यात ध्वनी सोडून त्याचा प्रतिध्वनी ऐकतात, त्या आवाजावरून १९८३ च्या डिसेंबरात माइक मूस या अमेरिकन गृहस्थाने आपल्या छोट्या प्रोग्रामाला दिलेले हे नाव परभणीच्या गल्लीतही तितकेच चालते. चार वेळा साद, चार वेळा उत्तर. “आलं बघा मामा!”

परंतु शेजारच्या यंत्राचा सामायिक फोल्डर मात्र उघडेना. याचे कारण ड्रायव्हरात नव्हते. फाइलींच्या देवाणघेवाणीसाठी एक्सपी जी एसएमबीची पहिली आवृत्ती बोलते, तिच्यातील छिद्रातून २०१७ च्या मे महिन्यात ‘वॉनाक्राय’ या घातक प्रोग्रामने जगभर धुमाकूळ घातला, आणि त्याच वर्षाच्या उत्तरार्धातील सुधारणेपासून नव्याने बसविलेल्या विंडोज दहामध्ये ती मुळातच ठेवलेली नसते. ती पुन्हा चालू करता येते, आणि पुष्कळ ठिकाणी बेधडक केली जाते. या तरुणाने ते केले नाही, आणि माझ्या मते तेच योग्य केले. त्याने नव्या यंत्रावर एफटीपीचा एक छोटा सर्व्हर बसविला आणि जुन्यावरून एक्सप्लोररमध्ये त्याचा पत्ता लिहून पत्रिकेची फाइल पाठवून दाखविली. रंगीत प्रिंटरातून गुलाबी कागद बाहेर येऊ लागला तेव्हा मालकांनी चहा सांगितला.

जाता जाता मी पाहिले की पत्ता भरावयाच्या चौकटीत गेटवेची जागा त्याने जाणूनबुजून कोरी ठेवली होती, जेणेकरून ते यंत्र शेजाऱ्याशी बोलेल परंतु बाहेरच्या जगात जाऊ शकणार नाही. एक्सपीची देखभाल मायक्रोसॉफ्टने ८ एप्रिल २०१४ रोजी थांबविली, आणि तेव्हापासून सापडलेली बहुतेक छिद्रे तिच्यात तशीच उघडी आहेत. म्हणून ही कोरी जागा त्या दिवसाच्या साऱ्या कामातील सर्वांत शहाणपणाची गोष्ट होती असे माझे मत आहे. ज्यांच्या दुकानांत, पतपेढ्यांत किंवा शाळांच्या कचेऱ्यांत अशी यंत्रे अद्याप चालू आहेत, त्यांनी ती बिघडण्यापूर्वीच नेटवर्कचा ड्रायव्हर दुसऱ्या ठिकाणी उतरवून ठेवावा, चिपचा क्रमांक कागदावर लिहून कॅबिनेटच्या आतल्या बाजूस चिकटवावा, आणि यंत्र बोलते आहे तोवरच त्याच्या पोटातील जुना मराठी मजकूर युनिकोडमध्ये उतरवून घेण्यास लागावे. डोंगलचे कुलूप निकामी झाले, तर त्याला मात्र कोणताही ड्रायव्हर उपयोगी पडणार नाही.