सातासमुद्रांपलीकडून सावनेरपर्यंत

परदेशी असलेला मुलगा आपल्या बायकामुलांसह घरी यावयाचा ठरला म्हणजे घरात पंधरा दिवस आधीपासून जी धांदल उडते, ती आमच्या वाचकांस वर्णन करून सांगावयास नको. माडीवरची खोली झाडून निघते, गाद्यांना ऊन दाखविले जाते, सांडग्या-पापडांचे डबे फळीवरून खाली उतरतात आणि भिंतीवरच्या दिनदर्शिकेत एका तारखेभोवती पेन्सिलीचे वर्तुळ उमटते. त्या तारखेस पाहुणे दारात उतरले की प्रवास संपला, असे घरच्या मंडळींस वाटते. आणि तसे वाटणे स्वाभाविकही आहे. परंतु हा समज पुरता खरा नाही. विमानाचा प्रवास तासांत संपतो. माणसाचे घरी येणे मात्र त्यानंतरही कित्येक दिवस चाललेले असते. ही गोष्ट घरच्यांनी आणि येणाऱ्यांनी, दोघांनीही ध्यानी घेतली, तर मोठ्या मुश्किलीने मिळालेली रजा अधिक समाधानात जाईल, एवढेच येथे दाखवावयाचे आहे.

उदाहरणादाखल आपण सावनेरचे एक घर घेऊ. नागपूर जिल्ह्यातील हे तालुक्याचे गाव. कोलार नदीच्या काठी वसलेले, कापसाचे, संत्र्यांचे आणि आता कोळशाच्या खाणींचेही. राम गणेश गडकरी आजारी अवस्थेत येथे आले आणि २३ जानेवारी १९१९ रोजी येथेच त्यांचा अंत झाला, म्हणून प्रत्येक मराठी वाचकाच्या कानावरून या गावाचे नाव गेलेले असते. अशा या गावच्या एका घरातील थोरला मुलगा अमेरिकेत न्यू जर्सी प्रांती नोकरीस आहे, आणि पत्नी व दोन लहान मुले यांच्यासह तीन आठवड्यांच्या रजेवर तो घरी निघाला आहे, असे धरून चालू.

पूर्वी एवढे अंतर कसे तुटत असे? आनंदीबाई जोशी ७ एप्रिल १८८३ रोजी कलकत्त्याहून आगबोटीने निघाल्या, त्या ४ जूनला न्यूयॉर्कास उतरल्या. म्हणजे अठ्ठावन्न दिवस लागले. ११ मार्च १८८६ रोजी त्यांनी वैद्यकाची पदवी मिळविली आणि त्याच वर्षीच्या नोव्हेंबरात त्या परत मुंबईस आल्या, त्या क्षयाने खंगलेल्या अशाच. २६ फेब्रुवारी १८८७ रोजी पुण्यास त्यांचे देहावसान झाले. समुद्रप्रवासाचे हाल कोणी विसरू नयेत. तरीपण आगबोटीच्या संथपणात एक सोय होती. बोट जशी पुढे सरके तशी तिच्यावरील घड्याळे रोज थोडथोडी पुढेमागे करीत. त्यामुळे उतारूची झोप आणि भूक नव्या मुलखाच्या वेळेशी हळूहळू जुळत येई. मनालाही एक देश सोडून दुसऱ्यात शिरावयास अवधी मिळे.

विमानाने हा अवधी काढून घेतला. ८ जून १९४८ रोजी एअर इंडिया इंटरनॅशनलचे ‘मलबार प्रिन्सेस’ हे विमान मुंबईहून कैरो व जिनिव्हा या मार्गाने लंडनास गेले. १४ मे १९६० पासून याच कंपनीची विमाने न्यूयॉर्कपर्यंत जाऊ लागली. आपल्या नागपूरचाही या इतिहासात वाटा आहे. १९४९ च्या जानेवारीत रात्रीच्या हवाई टपालाची व्यवस्था सुरू झाली, तेव्हा मुंबई, दिल्ली, कलकत्ता आणि मद्रास या चारही दिशांची विमाने मध्यरात्री नागपुरास एकत्र येत आणि टपालाच्या थैल्यांची अदलाबदल करून माघारी जात. पण त्या काळी परदेशची पत्रे विमानाने आली, तरी माणसे क्वचितच येत. कारण भाडे आवाक्याबाहेरचे होते. १९५८ साली अटलांटिक महासागरावरून जाणाऱ्या विमानांत ‘इकॉनॉमी’ नावाचा स्वस्त भाड्याचा वर्ग निघाला आणि पुढे तो सर्वत्र रूढ झाला. आज पगारावर जगणारा मनुष्य दोन-तीन वर्षांनी का होईना सहकुटुंब घरी येऊ शकतो, तो या वर्गामुळेच. त्याच्या अडचणी सांगताना हे उपकार विसरता कामा नयेत.

आता त्या अडचणी. एका खुर्चीपासून तिच्या पुढच्या खुर्चीपर्यंतचे अंतर बहुधा एकतीस-बत्तीस इंच, आणि बैठकीची रुंदी सतरा-अठरा इंच. न्यूयॉर्क ते मुंबई हे अंतर सुमारे साडेबारा हजार किलोमीटर. मधे कोठे न थांबणाऱ्या विमानासही चौदा-पंधरा तास लागतात, आणि तितका वेळ एवढ्याच जागेत काढावयाचा. मांडीवर किंवा शेजारी लहान मूल असले तर आईबापांच्या डोळ्याला डोळा लागत नाही. विमानातील हवा वैशाखातल्या नागपूरच्या दुपारीसारखी कोरडी असते. शिवाय तिचा दाब सहा ते आठ हजार फूट उंचीवर असावा तितका कमी, म्हणजे आपल्या कळसूबाईच्या शिखरावरच्या हवेहूनही ती विरळ. घसा सुकतो, पाय सुजतात, डोके जड होते.

मुंबईस उतरल्यावरही सुटका नाही. तेथे पारपत्र दाखवावयाचे, आपले सामान उतरवून घ्यावयाचे, जकातीच्या फाटकातून बाहेर पडावयाचे आणि तेच सामान नागपूरच्या विमानासाठी पुन्हा स्वाधीन करावयाचे. मधे कित्येक तास बाकावर काढावे लागतात. पुढे दीड तासाचे नागपूरचे विमान. नागपूरचा विमानतळ शहराच्या दक्षिण अंगास सोनेगावाकडे, तर सावनेर उत्तरेस. म्हणून सबंध शहर ओलांडून किंवा त्याला वळसा घालून, कोराडी व पाटणसावंगी मागे टाकीत आणखी चाळीसेक किलोमीटर मोटारीने जावयाचे. न्यू जर्सीतील घराला कुलूप लावल्यापासून सावनेरचा उंबरठा ओलांडीपर्यंत तीस तास सहज होतात.

येथेच खरा प्रवास सुरू होतो म्हटले तरी चालेल. हिवाळ्यात आपली वेळ न्यू जर्सीच्या साडेदहा तास पुढे असते, उन्हाळ्यात साडेनऊ. सावनेरला सकाळचे साडेदहा वाजून स्वयंपाकघरात फोडणीचा वास सुटलेला असतो, तेव्हा पाहुण्याच्या शरीराच्या हिशेबी मध्यरात्र झालेली असते. शरीरात झोपेचे, भुकेचे आणि पचनाचे एक आतले घड्याळ आहे. ते हाताने काटे फिरवून जुळविता येत नाही. पूर्वेकडे आल्यावर ते दिवसाला साधारण एक तास या मानाने सरकते. म्हणजे पुरते जुळावयास आठ-दहा दिवस लागतात. यालाच ‘जेट लॅग’ असे म्हणतात. तीन आठवड्यांच्या रजेपैकी जवळजवळ निम्मी रजा या जुळण्यातच जाते.

नेमक्या याच दिवसांत घरोघर गैरसमज होतात. आजीने हौसेने गोळाभात आणि वांग्याचे भरीत केलेले असते. मुलगा चार घास खाऊन उठतो. नातवंडे भर दुपारी झोपतात, आणि रात्री दोनला जागी होऊन जेवण मागतात. काका भेटावयास येतात तो पुतण्या बोलता बोलता पेंगू लागतो. मग कोणी म्हणते, ‘आता यांना आपले अन्न रुचत नाही’. कोणी म्हणते, ‘तिकडचा वारा लागला.’ बोलणारा बोलून जातो आणि ऐकणारा ते शब्द परत जाताना बरोबर नेतो. वास्तविक दोष ना अन्नाचा, ना मनाचा. तो केवळ घड्याळाचा असतो.

यावर उपाय सोपे आहेत. पहिले दोन दिवस आप्तेष्टांस घरी बोलावू नये. आदासाच्या गणपतीचे दर्शन आणि बहिणीकडचे जेवण दुसऱ्या आठवड्यात ठेवावे. आल्या दिवशी पंगत न मांडता वरण, मऊ भात आणि ताक पुरे. रात्री मुले उठतील हे धरून थोडे दूध-पोहे झाकून ठेवावे. दिवसा पाहुण्यांनी तासाभराहून अधिक झोपू नये, उजेडात अंगणात फिरावे आणि जेवण येथल्या वेळेसच घ्यावे. नव्याने आलेल्याच्या हाती पहिले काही दिवस मोटारीचे चाक मुळीच देऊ नये. आणखी एक गोष्ट महत्त्वाची. चार तासांहून अधिक काळ बसून प्रवास केल्यास पायाच्या शिरेत रक्ताची गुठळी होण्याचा संभव सुमारे दुप्पट होतो, असे जागतिक आरोग्य संघटनेने २००७ साली प्रसिद्ध केले. तो संभव मुळात थोडा, सहा हजारांत एक एवढाच, आहे. तथापि एकाच पायाची पोटरी सुजून दुखू लागली किंवा धाप लागली, तर तो प्रवासाचा शीण समजून घरी तेल चोळीत बसू नये, तत्काळ डॉक्टर गाठावा. मुलाकडे जाणाऱ्या वडील मंडळींनीही हे लक्षात ठेवावे.

शेवटी एक अवघड विषय. सगळेच येणे सणासुदीचे नसते. वडिलांचे दुखणे अकस्मात वाढल्याचा फोन जातो, तेव्हा तीस तास फार मोठे होतात. शिवाय जे व्हिसावर तेथे राहतात, त्यांच्या पारपत्रातील शिक्क्याची मुदत संपलेली असली, तर इकडे आल्यावर नवा शिक्का मिळेपर्यंत परत जाता येत नाही, आणि तिकडे नोकरी टांगणीला लागते. २३ मार्च २०२० पासून साथीमुळे परदेशची नियमित विमाने बंद झाली. ७ मेपासून ‘वंदे भारत’ योजनेखाली काही माणसे आणली गेली. नियमित उड्डाणे मात्र २७ मार्च २०२२ रोजी सुरू झाली. त्या काळात कित्येक मुलांनी आईबापांचे अंत्यदर्शन फोनच्या काचेवर घेतले. म्हणून मुलगा सुखरूप घरी आलेला असताना, घड्याळ जुळल्यावरच्या एखाद्या निवांत संध्याकाळी, सर्वांनी बसून दोन गोष्टी मोकळेपणाने ठरवून ठेवाव्या. तशी वेळ आली तर त्याच्यासाठी किती थांबावयाचे, आणि तो पोचू शकला नाही तर अग्नी कोणी द्यावयाचा. मुलीने की पुतण्याने? वडील मंडळींनी स्वतःच्या तोंडून हे सांगितले असले, म्हणजे मागे कोणी कोणास बोल लावीत नाही आणि दूर असलेल्याच्या मनाला जन्मभराची रुखरुख राहत नाही. असे बोलणे अशुभ नव्हे. येणाऱ्याची वाट सोपी करण्याचाच तो एक भाग आहे.