मुंबई–नागपूर: अंतर किती, वेळ किती?

मुंबई ते नागपूर हवाई अंतर सुमारे 680 किलोमीटर. रेल्वेने हेच अंतर 837 किलोमीटर भरते, कारण रुळांना घाट आणि गावं गाठत जावं लागतं. ताशी 800 किलोमीटर वेगाने विमान पन्नासेक मिनिटांत पोहोचायला हवं, पण वेळापत्रक दीड तास दाखवतं. ते चुकीचं नाही. विमानतळावरच्या जागेवरून विमान हलल्यापासून पुन्हा थांबेपर्यंतचा वेळ त्यात धरलेला असतो: धावपट्टीची रांग, हळूहळू उंची गाठणं, उतरण्यापूर्वीच्या घिरट्या. हिवाळ्यात उंचावर पश्चिमेचे जोरदार वारे असतात, म्हणून नागपूरकडे जाताना विमानाला रेटा मिळतो आणि परतताना तेच वारे आडवे येतात. पुढचा कार्यक्रम ठरवताना वेळापत्रकातला वेळच धरा.