कागदावरचं गाणं, समोरचा गळा

१९०७ सालची गोष्ट. मुंबईचे वकील विष्णू नारायण भातखंडे गाण्याच्या शोधात हिंडत हिंडत हैदराबादेत पोचले. तिथे त्यांची गाठ पडली ती अप्पा तुलसी या संस्कृतज्ञ संगीतपंडिताशी. दोघांचं सूत जमलं. पुढे अप्पांनी रागांवर संस्कृतात छोटेखानी ग्रंथ लिहिले आणि भातखंड्यांनी ते उजेडात आणले. गवयांच्या घरात तोंडी चालत आलेली विद्या कागदावर उतरली पाहिजे, हा भातखंड्यांचा ध्यास होता. 'हिंदुस्थानी संगीत पद्धति'चे चारही भाग त्यांनी मराठीत लिहिले, तेही गुरू-शिष्यांच्या प्रश्नोत्तरांच्या रूपात. शिष्य भंडावून सोडतो, गुरू न कंटाळता उत्तर देतो.

या कागदी शिष्याच्या पलीकडे त्यांना एक हाडामांसाचा शिष्यही मिळाला होता: श्रीकृष्ण नारायण रातंजनकर. जन्म मुंबईचा, वडील पोलीस खात्यात, पण घरात गाण्याची ओढ. पोराने पहिले धडे गिरवले कृष्णभट होनावरांकडे, मग अंतूबुवा जोशींकडे. १९११च्या सुमारास तो भातखंड्यांच्या हाताखाली आला. १९१७ साली बडोदा संस्थानची शिष्यवृत्ती मिळाली आणि त्याने आग्र्याच्या फैय्याज खाँसाहेबांचा गंडा बांधला. एकीकडे प्रत्येक रागाचा हिशेब मागणारे वकीलसाहेब, दुसरीकडे नोमतोमने मैफल जिंकणारे खाँसाहेब! या दोघांची शिकवण एकाच गळ्यात नांदली, हेच रातंजनकरांचं वेगळेपण. शिवाय त्यांनी मुंबई विद्यापीठाची बी. ए. पदवीही घेतली. गवयाने पदवीधर असण्याचं त्या वेळी अप्रूपच होतं.

१९२६ मध्ये लखनौला संगीत शिकवणारं मॅरिस कॉलेज सुरू झालं. त्यामागे दरियाबादचे तालुकदार राय उमानाथ बली यांची खटपट होती. भातखंडे मुंबईत, बली तिकडे अवधात. त्यामुळे कॉलेजचं बरंचसं स्वप्न टपालातूनच आकाराला आलं. भातखंड्यांनी बलींना लिहिलेली पत्रं अभ्यासकांच्या हाती आली आहेत. तानपुऱ्याच्या सुरांबरोबरच पैसे, माणसं आणि व्यवस्था यांची काळजी वाहणारा माणूस त्यांत दिसतो. संगीताच्या इतिहासात मैफलींचे किस्से फार आणि असा कागदोपत्री घाम फार थोडा नोंदला जातो.

पत्रातून संस्था उभी करता येते. गाणं शिकवता येतं का?

काही अंशी येतं. भातखंड्यांची स्वरलिपी त्यासाठीच आहे. कोमल स्वराखाली आडवी रेघ, तीव्र मध्यमाच्या डोक्यावर उभी रेघ. मंद्र सप्तकाला खाली टिंब, तारसप्तकाला वर. समेला फुली, खालीला शून्य. मींड असेल तर दोन स्वरांवर कमान, शब्दातलं अक्षर लांबलं की अवग्रह. एवढी सामग्री हाताशी असली, की अख्खी बंदिश एका पानावर मावते आणि ते पान पाकिटात घालून कुठेही धाडता येतं. 'क्रमिक पुस्तक मालिके'च्या सहा भागांनी घराण्यांच्या तिजोरीतल्या शेकडो चिजा अशाच घरोघर पोचवल्या.

पण दरबारीचा गंधार घ्या. कागदावर तोही 'ग'खाली एक रेघ, आणि भीमपलासीचा गंधारही तसाच. गाताना मात्र दरबारीचा गंधार खाली झुकून, रेंगाळत, आंदोलत येतो. भीमपलासीचा तसा येत नाही. रेघ दोघांना सारखीच. हा फरक समोर बसूनच घ्यावा लागतो. रातंजनकर १९२८ पासून जवळजवळ तीन दशकं लखनौच्या कॉलेजचे प्राचार्य होते, ते नेमकं हेच काम करत. पुस्तक गुरूचं, अभ्यासक्रम गुरूचा, आणि रेघेपलीकडचं द्यायला ते स्वतः.

कॉलेज म्हटलं की तासाची घंटा आली, परीक्षा आली. त्यांनी या चाकोरीला गुरुकुलाची जोड दिली. बेळगावजवळच्या बैलहोंगलचा के. जी. गिंडे हा मुलगा अकराव्या वर्षी लखनौला गेला आणि त्यांच्या घरी राहून शिकला. एस. सी. आर. भट, चिदानंद नगरकर, दिनकर कायकिणी, सुमती मुटाटकर, चिन्मय लाहिरी हे सगळे त्यांच्याच तालमीतले. हिंदी चित्रपटांचे संगीतकार रोशनही याच कॉलेजात शिकले, हे अनेकांना माहीत नसतं.

'सुजान' या नावाने रातंजनकर बंदिशी बांधत. 'अभिनव गीतमंजरी'च्या तीन भागांत त्या स्वरलिपीसह छापल्या आहेत. दक्षिणेचं संगीतही त्यांनी मनापासून अभ्यासलं होतं. त्यांचा सालगवराळी राग त्या ओढीची साक्ष देतो. भातखंडे १९०४ साली दक्षिणेत फिरले होते आणि तिकडच्या बहात्तर मेळांवरून त्यांना दहा थाटांची वाट सापडली. शिष्य तीच वाट चालला, फक्त गातगात.

सगळं गोडच होतं असं मात्र नाही. १९५२ नंतर बाळकृष्ण केसकर नभोवाणी मंत्री असताना आकाशवाणीने गायक-वादकांच्या चाचण्या घेतल्या, त्या मंडळाच्या प्रमुखपदी रातंजनकर होते. नावाजलेल्या कलावंतांना परीक्षेला बसवून वर शास्त्राचे प्रश्न विचारायचे, हे अनेकांच्या जिव्हारी लागलं. निषेध झाले, बहिष्कार पडला. कलावंतांचा राग समजण्यासारखा होता. वर्गातली कसोटी मैफलीला लावली की असं होणारच, आणि इतका चांगला शिक्षक त्या खुर्चीत बसायला नको होता असं आज वाटतं.

१९५७ साली त्यांना पद्मभूषण मिळालं आणि त्याच सुमारास खैरागढच्या इंदिरा कला संगीत विश्वविद्यालयाचं कुलगुरूपद. भातखंड्यांचं चरित्रही त्यांनी लिहिलं. १९७४ मध्ये ते गेले. तोवर शिष्य जागोजाग पसरले होते: नगरकरांनी मुंबईत भारतीय विद्या भवनात संगीताचं विद्यालय उभं केलं, मुटाटकर दिल्ली विद्यापीठात शिकवत होत्या, गिंडे मुंबईच्या वल्लभ संगीतालयाची धुरा वाहत होते. गिंड्यांकडे चिजांचा एवढा साठा होता, की कोलकात्याच्या आयटीसी संगीत रिसर्च अकादमीने त्यांच्याकडून तो ध्वनिमुद्रित करून घेतला. 'क्रमिक'चं पान पुढ्यात ठेवून ती ध्वनिमुद्रणं ऐकली, की रेघेतून निसटलेला गंधार ऐकू येतो.